‘नो ग्रोथ’ आलं, मग लघवीला आग कशाची?

प्रश्न : मी ४१ वर्षांची आहे. साड्यांच्या दुकानात काउंटरला असते, सकाळी साडेदहा ते रात्री साडेआठ. दुकानात बायकांसाठी सोय नाही, त्यामुळे पाणी कमीच पिते. जानेवारीपासून लघवीला जळजळ होण्याची ही तिसरी खेप. सारखं जावंसं वाटतं, होते चमचाभर, आणि शेवटी ओटीपोटात कळ येते. आधी उन्हाळी लागली समजून धन्याचं पाणी घेतलं. मग मेडिकलवाल्याने नॉरफ्लॉक्सासिनच्या तीन गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले, त्यांनी लघवी तपासून आणायला सांगितली आणि एक गोडसर सिरप दिलं. रिपोर्टात पस सेल्स १२-१५, एपिथेलियल सेल्स १५-२०, कल्चर ‘नो ग्रोथ’. डॉक्टर म्हणतात इन्फेक्शन आहे, लॅबवाला म्हणतो जंतू नाहीत, नणंद म्हणते मुतखडा, आणि मुलीने मोबाइलवर वाचून क्षयरोग काढलाय! गोळ्या संपून पाच दिवस झाले. आग निम्म्यावर आली, पण गेली नाही. आणखी एक, यजमानांना यातलं काही सांगावं लागेल का?

उत्तर : ताई, तुमच्या रिपोर्टापासूनच सुरुवात करू, कारण घोळ तिथेच आहे. डॉक्टर इन्फेक्शन म्हणतात ते पस सेल्सच्या आकड्यावरून, लॅबवाला नाही म्हणतो ते कल्चरवरून, म्हणजे लघवीतले जंतू बशीत वाढवून पाहण्याच्या तपासणीवरून. दोघंही कागदावर आहे तेच वाचताहेत. मधल्या ओळीकडे मात्र कुणी पाहिलेलं दिसत नाही: एपिथेलियल सेल्स १५ ते २०.

या पेशी म्हणजे बाहेरच्या त्वचेच्या आणि योनिमार्गाच्या अस्तराच्या झडलेल्या पेशी. सूक्ष्मदर्शकाखाली एका वेळी जेवढं वर्तुळ दिसतं तेवढ्यात, नमुना नीट घेतला असेल तर, त्या चार-पाचच्या आत असतात. १५-२० दिसल्या की समजायचं, लघवी बाटलीत पडण्याआधी बाहेरच्या कातडीला लागून, अंगावरून जाणारं पाणी सोबत घेऊन आली. मग पस सेल्सही तिथल्याच असू शकतात. पस सेल्स म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी. नावामुळे उगाच पू वाहत असल्याचं चित्र डोळ्यांसमोर येतं. पाचपर्यंत त्या चालतात, दहाच्या पुढे गेल्या की दखल घ्यायची, पण एपिथेलियल सेल्स कमी असतील तरच त्या आकड्याला वजन.

आता कल्चर. नमुना दिला तेव्हा तुमच्या पोटात गोळ्या गेलेल्या होत्या. नॉरफ्लॉक्सासिन रक्तापेक्षा लघवीत कितीतरी जास्त साठतं. अशी लघवी बशीत पसरली की तिच्यातले जंतू वाढत नाहीत, मग मूत्राशयाच्या अस्तराला चिकटलेले काही शिल्लक असले तरी. ‘नो ग्रोथ’चा अर्थ एवढाच, की त्या दिवशी त्या बाटलीतून काही उगवलं नाही. म्हणजे तुमच्या हातातल्या कागदावरून इन्फेक्शन होतं हे ठरत नाही आणि नव्हतं हेही ठरत नाही. गोळी आधी आणि तपासणी मागून, हा उलटा क्रम आपल्याकडे घरोघरी चालतो. तिसऱ्या खेपेपर्यंत रोगाचं नाव कळत नाही ते बहुतेक त्यामुळेच.

आग कुठे होते, कधी होते

चांगले डॉक्टर लघवी तपासायला पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारतात. त्या तुम्ही स्वतःच मनाशी ठरवून गेलात तर काम निम्मं होतं.

पहिली, आग आत होते की बाहेर? मूत्राशयाच्या दाहात जळजळ आत, लघवीच्या वाटेत जाणवते. लघवी बाहेर आल्यावर कातडीला लागून झोंबत असेल, सोबत खाज असेल, दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं किंवा वास मारणारं पाणी अंगावरून जात असेल, तर दुखणं लघवीचं नसून योनिमार्गाचं असण्याची शक्यता मोठी. त्याला औषध निराळं. तिथे अँटिबायोटिक घेतलं तर चांगले जंतूही मरतात, बुरशीला रान मोकळं मिळतं आणि आग वाढते.

दुसरी, आग सुरुवातीला होते की शेवटी? धार सुटतानाच चटका बसत असेल तर बोट लघवीच्या नळीकडे जातं. लघवी संपत येताना, मूत्राशय आकसताना कळ येत असेल तर मूत्राशयाच्या तळाला दाह आहे असं धरतात. हा नियम काटेकोर नाही, पण दिशा दाखवतो. तुमची कळ शेवटी येते.

तिसरी, सोबत काय आहे? सारखं जावंसं वाटणं, घाई होणं, थोडीथोडी होणं, ओटीपोट जड वाटणं, कधी लालसर लघवी ही मूत्राशयाच्या इन्फेक्शनची लक्षणं. जळजळ आणि वारंवार लघवी दोन्ही आहेत आणि अंगावरून जाणं किंवा खाज नाही, अशा बायकांमध्ये दहातल्या नऊ वेळा मूत्राशयाचं इन्फेक्शनच निघतं. तुम्ही खाजेबद्दल, पांढऱ्या पाण्याबद्दल काही लिहिलेलं नाही. तसं काही खरोखरच नसेल तर पहिल्या दिवसांतलं तुमचं दुखणं इन्फेक्शनचंच असावं, असं माझं मत. उरलेली निम्मी आग कशाची, हे मात्र नीट घेतलेला नमुनाच सांगेल.

‘उन्हाळी लागली’ हे आजीच्या काळापासूनचं निदान अगदीच खोटं नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी कमी पडलं की लघवी गडद पिवळी, दाट होते आणि झोंबते. पण ती आग पोटभर पाणी प्यायल्यावर, लघवीचा रंग फिका झाला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी जाते. धन्याचं पाणी, सब्जा, कोकम सरबत, नारळपाणी यांत गुण येतो तो मुख्यतः पोटात गेलेल्या पाण्याचा, आणि त्याला हरकत काहीच नाही. लघवी पाण्यासारखी फिकी झाली तरी आग होतेय, किंवा दोन दिवस उलटले, तर ती उन्हाळी नव्हे. जानेवारीच्या थंडीत लागलेली तर नव्हेच. आणि मूत्रपिंडाचं दुखणं किंवा पायावर सूज असलेल्यांनी, खास करून पोटॅशियम वाढलेल्यांनी, नारळपाण्यावर नारळपाणी पिऊ नये.

नमुना असा घ्यायचा

शेवटची गोळी घेऊन पाच दिवस झालेत, तेव्हा पुन्हा नमुना द्यायला आता हरकत नाही. तीन-चार दिवसांचं अंतर पुरतं. मात्र आज-उद्याच द्या, आणि तो देईपर्यंत कुणाच्याही सांगण्यावरून नवी गोळी सुरू करू नका. ताप नसेल तोवरच हे थांबणं, ते पुढे येईल.

आदल्या दिवशी लॅबमधून कल्चरची बाटली घेऊन या. ती सीलबंद, निर्जंतुक असते. साध्या तपासणीची बाटली वेगळी. घरातली औषधाची किंवा जॅमची बाटली कितीही उकळली तरी कल्चरला चालत नाही. सकाळची पहिली लघवी उत्तम, नाहीतर निदान तीन-चार तास न केलेली. तेवढा वेळ जंतूंना वाढायला मिळतो, आणि रिपोर्टातली नायट्राइटची तपासणीही तेव्हाच विश्वासाची. नमुन्याआधी ‘लवकर व्हावी’ म्हणून दोन तांबे पाणी पिऊन जातात लोक. त्याने लघवी पातळ होते आणि आकडे खोटे पडतात. पाळी चालू असेल तर शक्यतो पुढे ढकला.

हात साबणाने धुवा. बाटलीचं झाकण काढून आतली बाजू वर करून स्वच्छ कागदावर ठेवा, आत बोट लावू नका. एका हाताच्या दोन बोटांनी दोन्ही बाजूंच्या घड्या फाकवून धरा आणि संपेपर्यंत तशाच धरून ठेवा. इथेच बहुतेक नमुने बिघडतात, कारण दुसऱ्या मिनिटाला बोटं सुटतात. जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवा, मागून पुढे नाही. डेटॉल, सॅव्हलॉन, साबण काही नको. त्याचा अंश बाटलीत गेला तर जंतू तिथेच मरतील आणि पुन्हा ‘नो ग्रोथ’ येईल. आता लघवी सुरू करा. पहिली धार, साधारण दोन-तीन मोठे चमचे, संडासात जाऊ द्या. ती नळीच्या तोंडाशी बसलेले जंतू धुऊन नेते. धार न थांबवता बाटली मध्ये आणा, २०-३० मिली भरली की काढून घ्या, उरलेली पुन्हा संडासात. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसून हे अवघड जातं. अशा वेळी पाय रुंद ठेवून अर्धवट उभं राहणं सोपं पडतं. बाटलीची कड मांडीला किंवा केसांना टेकू देऊ नका.

पुढची चूक वाहतुकीत होते. सकाळी सातला भरलेली बाटली पर्समध्ये ठेवून दुकानात नेली आणि दुपारी लॅबमध्ये दिली, तर तेवढ्या उकाड्यात दोन-चार चुकार जंतूंचे हजारो होतात आणि रिपोर्टात नसलेलं इन्फेक्शन दिसतं. एक तासात द्या, फार तर दोन. जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. थंड राहिलेला नमुना २४ तासांपर्यंत चालतो. चिठ्ठीवर आधी घेतलेल्या गोळीचं नाव आणि शेवटची कधी घेतली ते लिहा. लॅबमधल्या डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो, पण विचारतं कुणीच नाही.

साधा रिपोर्ट त्याच दिवशी येतो. त्यात नायट्राइट पॉझिटिव्ह असेल तर जंतू आहेत असं बरंचसं खात्रीने म्हणता येतं, कारण ई. कोलाय हा सगळ्यात नेहमीचा जंतू लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतो. निगेटिव्ह आलं म्हणून सुटलो असं मात्र नाही. काही जंतू ते करतच नाहीत, आणि दर दहा मिनिटांनी लघवी होणाऱ्याला तेवढा वेळच मिळत नाही. कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक थोडे दिसले म्हणून मुतखडा झाला असं समजू नका. पालक-टोमॅटो खाणाऱ्या धडधाकट माणसाच्या लघवीतही ते दिसतात. लघवीत साखर आली तर मात्र लगेच रक्तातली साखर बघा.

कल्चरला २४ ते ४८ तास लागतात. त्यात एका मिलीत किती जंतू ते लिहिलेलं असतं. एक लाख हा जुना, ठरलेला आकडा. त्याच्या खाली आलं की पुष्कळ लॅब ‘महत्त्वाचं नाही’ असं छापून टाकतात. पण जळजळ चालू असलेल्या बाईच्या नीट घेतलेल्या नमुन्यात एकाच जातीचे, त्यातही ई. कोलायचे, हजारभर जंतू आले तरी ते खरे मानतात. याउलट तीन-चार जातींचे मिसळून आले तर नमुना बाहेरून दूषित झालाय, पुन्हा द्या. सोबतच्या तक्त्यात औषधांची यादी असते, समोर ‘एस’ म्हणजे लागू, ‘आर’ म्हणजे लागू नाही. खालच्या टोकाला महागडी इंजेक्शनं असतात आणि त्यांच्यापुढे बहुतेकदा ‘एस’ असतो. ती बघून घाबरायचं नाही आणि तीच मागायचीही नाहीत.

त्या तीन गोळ्या आणि ते सिरप

नॉरफ्लॉक्सासिनच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, अशी ती खूण. ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा धरली तर तीन गोळ्या म्हणजे दीड दिवस. एवढ्यावर मूत्राशयाचं इन्फेक्शन मोडत नाही. शिवाय आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतल्या नमुन्यांत ई. कोलायवर या घराण्यातली औषधं निम्म्याहून जास्त वेळा फुकट जातात. मग आग निम्म्यावर कशी आली? थोडे जंतू मेले असतील, पाणी जास्त प्यायला गेलं असेल, आणि साधं इन्फेक्शन काही वेळा आपसूकही ओसरतं. श्रेय मात्र गोळीला मिळतं आणि पुढच्या वेळी तीच मागितली जाते. याच घराण्यातल्या लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिनची आणखी एक खोड: ती क्षयरोगाच्या जंतूंनाही थोडं दाबतात, बरं करत नाहीत, आणि निदान महिनोन् महिने लांबतं.

साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनला आज पहिल्या पसंतीची औषधं दोन: नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिन. पहिलं सावकाश सुटणाऱ्या १०० मिलिग्रॅमच्या रूपात सकाळ-संध्याकाळ जेवणासोबत पाच दिवस. लघवी तपकिरी-पिवळी होते, घाबरू नका. दुसऱ्याची ३ ग्रॅमची पुडी अर्धा ग्लास गार पाण्यात ढवळून, रात्री लघवी करून आल्यावर, एकदाच. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्रपिंडं नीट काम करत नसतील तर चालत नाही, गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत आणि जी६पीडी या लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना देत नाहीत, आणि इन्फेक्शन मूत्रपिंडात चढलं असेल तर उपयोगाचं नाही, कारण ते लघवीत साठतं, मूत्रपिंडाच्या मांसात नाही.

ते गोडसर सिरप बहुतेक सायट्रेटचं असावं, बाटलीवर बघा. ते लघवीचा आंबटपणा कमी करतं, झोंबणं जरा कमी वाटतं, जंतूंना काही करत नाही. ते आणि नायट्रोफ्युरँटॉइन एकाच चिठ्ठीत लिहिलेलं सर्रास दिसतं, आणि ते बरोबर नाही, कारण नायट्रोफ्युरँटॉइन आंबट लघवीतच चांगलं चालतं. डॉक्टरांना विचारून एक बंद ठेवा. सिरपमध्ये सोडियमही असतं, तेव्हा बीपीवाल्यांनी आणि हृदयाचं दुखणं असलेल्यांनी बाटलीवर बाटली रिचवू नये. आग शमवायला नारिंगी लघवी करणारी गोळी देतात, ती फेनाझोपायरिडिन. दोन दिवसांपेक्षा जास्त नको. आणि ती चालू असताना लघवी तपासली तर पट्टीचे रंगच चुकतात, हेही लक्षात ठेवा.

नणंद आणि मुलगी

नणंदबाईंचा मुतखडा सहसा नुसती जळजळ करून गप्प बसत नाही. बरगडीच्या खाली पाठीतून जांघेकडे उतरणारी, माणसाला एका जागी बसू न देणारी कळ आणि लघवीत रक्त, हा त्याचा नेहमीचा थाट. फक्त एक अपवाद: खडा मूत्रवाहिनीच्या अगदी खालच्या टोकाला, मूत्राशयाच्या दाराशी अडकला तर तो हुबेहूब तुमच्यासारखीच लक्षणं देतो, सारखी लघवी आणि टोकाला चटका. म्हणून सोनोग्राफी करायचीच. तिचं आणखी एक कारण आहे. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा इन्फेक्शन झालं की त्याला वारंवारचं इन्फेक्शन म्हणतात. तुम्ही त्या रेषेवर आहात, जरी एकही खेप कल्चरने सिद्ध झालेली नसली तरी.

सोनोग्राफीला भरल्या मूत्राशयाने जायचं, आणि लघवी करून आल्यावर पुन्हा बघा असं सांगायचं. लघवी केल्यावर आत किती उरते हे त्यात कळतं. साचलेल्या पाण्यात डास तशी साचलेल्या लघवीत जंतूंची पैदास. शंभर मिलीच्या पुढे उरत असेल तर डॉक्टर त्याचं कारण शोधतील. खालच्या टोकाचा छोटा खडा सोनोग्राफीत सुटू शकतो. शंका राहिली तर साधा सीटी स्कॅन करतात, पण तो पहिल्या दिवशी नको. सोबत रक्तातली साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी तपासणी). साखरेची जी औषधं लघवीतून साखर बाहेर टाकतात, डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, त्यांनी बाहेरच्या जागेला बुरशी धरते आणि ती आग लघवीची समजली जाते. तुम्हाला साखर असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण घरातलं कुणी ही घेत असेल तर माहीत असू द्या.

मुलीवर रागावू नका, ती हवेतलं बोलत नाहीये. मूत्रमार्गाचा क्षयरोग आपल्या देशात आहे. त्याची खूण अशी की पस सेल्स सतत येतात आणि साधं कल्चर दर वेळी कोरं. साध्या कल्चरच्या बशीत तो जंतू उगवतच नाही. पण ‘दर वेळी’ म्हणजे नीट घेतलेल्या, अँटिबायोटिक नसताना दिलेल्या नमुन्यांत. तुमचा तसा एकही नमुना अजून झालेला नाही. चांगल्या दोन-तीन नमुन्यांत असंच आलं, किंवा वजन घटतंय, संध्याकाळी बारीक ताप येतोय, पूर्वी कधी क्षयरोग झालाय, तर सलग तीन दिवस पहाटेची पहिली पूर्ण लघवी क्षयाच्या तपासणीसाठी मागतात, सीबीनॅट ही क्षयाच्या जंतूचे जनुक शोधणारी तपासणीही करतात. सरकारी क्षयरोग केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत असतात.

पस सेल्स आहेत आणि कल्चर कोरं, याची साधी कारणं आधी संपवायची असतात: अर्धवट अँटिबायोटिक, दूषित नमुना, खडा, आणि क्लॅमिडिया किंवा गनोरियासारखे शरीरसंबंधातून येणारे जंतू. सगळं कोरं येत राहिलं, मूत्राशय भरत गेलं की दुखतं आणि लघवी केली की बरं वाटतं, असं महिनोन् महिने चाललं तर मूत्राशयाच्या चिवट दाहाचा विचार यूरॉलॉजिस्ट करतात. पाळी गेलेल्या बायकांमध्ये संप्रेरक कमी होऊन जागा कोरडी पडते आणि तीच आग लावते. त्यांना गोळ्यांऐवजी आत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम गुण देतं आणि वारंवारची इन्फेक्शनंही कमी करतं. जाता जाता एक दुर्मीळ गोष्ट: आफ्रिकेतल्या तळ्यांत-नद्यांत पोहून आलेल्यांच्या लघवीच्या शेवटी रक्त येत असेल तर डॉक्टरांना प्रवासाचं सांगा. गोगलगाईंच्या पाण्यातून येणारा बिलहार्झिया हा परजीवी तो. आपल्याकडे त्याचं ठिकाण १९५०च्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात सापडलं होतं.

थांबायचं केव्हा नाही, हे इथेच लिहितो. हुडहुडी भरून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं, उलट्या: इन्फेक्शन मूत्रपिंडात गेलंय, त्याच दिवशी दवाखाना. नमुना देऊन तिथल्या तिथे औषध सुरू करतील, कल्चरच्या उत्तरासाठी दोन दिवस थांबणार नाहीत. गरोदर बाई, लहान मूल, मधुमेही, एकच मूत्रपिंड असलेली व्यक्ती, लघवीची नळी बसवलेले वृद्ध, लघवी तुंबलेला किंवा रक्ताच्या गाठी जाणारा कुणीही, यांनी घरी प्रयोग करू नयेत. पुरुषांनीही नाही. त्यांची नळी १८-२० सेंटिमीटर लांब, बायकांची जेमतेम ४, म्हणून पुरुषाला सहजासहजी इन्फेक्शन होत नाही. झालं तर प्रोस्टेट, खडा किंवा अडथळा शोधावा लागतो. याउलट गंमत अशी, की घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या लघवीत काही त्रास नसताना जंतू सापडले, तर गरोदरपण आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया हे प्रसंग सोडून त्यावर औषध द्यायचं नसतं. नुसता रिपोर्ट सुधारण्यासाठी दिलेल्या गोळ्या पुढच्या खऱ्या दुखण्याच्या वेळी निकामी ठरतात.

आता दुकान. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या बायकांना रोज आणखी दीड लिटर पाणी प्यायला दिलं, तर वर्षभरात त्यांच्या खेपा जवळपास निम्म्यावर आल्या, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसलं. औषधाशिवाय एवढा फरक पाडणारं दुसरं काही नाही. पण पाणी प्यायचं तर जायला जागा हवी, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. मुंबईत २०११पासून बायकांनी ‘राइट टू पी’ची मोहीम चालवली ती याचसाठी. राज्याच्या दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात ठरावीक संख्येहून जास्त कामगार असलेल्या दुकानांत स्वच्छतागृहाची सोय करणं मालकाचं काम आहे, आणि शेजारच्या दुकानांनी मिळून सामाईक सोय करण्याची मुभाही आहे. मालकांशी हेच बोला, चार बायका मिळून. ते होईपर्यंत: घरून निघताना दोन ग्लास आणि निघायच्या आधी लघवी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत जिथे जमेल तिथे नेमाने एकदा, परतल्यावर पुन्हा दोन ग्लास. तीन-चार तासांवर रोखून धरू नका. पंचेचाळीस मिनिटांची लग्नाची खरेदी मध्ये आली तरी काउंटर दुसरीकडे सोपवून जा.

यजमानांचं असं. मूत्राशयाचं साधं इन्फेक्शन बायकोकडून नवऱ्याला लागत नाही आणि त्यात कुणाचा दोषही नसतो. जंतू बहुधा आपल्याच आतड्यातले. संबंधानंतर लगेच लघवीला जाणं आणि शुक्राणू मारणारी जेली वापरत असाल तर ती बंद करणं, एवढ्यापुरतं सांगितलंत तरी पुरे. मात्र तुमच्या तपासणीत क्लॅमिडिया किंवा गनोरिया निघाला, किंवा यजमानांनाच जळजळ होऊन पू येत असेल, तर सांगावंच लागेल, कारण दोघांनी एकाच वेळी औषध घेतलं नाही तर ते फिरून येतं. जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे नाव गुप्त ठेवतात आणि औषधं फुकट मिळतात. उद्या आधी बाटली आणा.